हमीदाबीचे फिरते चाक

बार्शीच्या कापडबाजारात हमीदाबी शिकलगार कात्रीला धार लावत होती आणि तिच्या शेजारी उचलयंत्र हात पसरून उभे होते. तिची सायकल स्टँडवर चढवलेली होती. पायडल मारले की मागचे चाक जागच्या जागी फिरायचे आणि त्यावरचा पट्टा हँडलपाशी बसवलेला दगड फिरवायचा. ठिणग्या उडत होत्या. यंत्र चाक थांबण्याची वाट पाहत होते.

नव्या मार्गशिस्त कायद्याने प्रत्येक सायकलीच्या मागच्या चाकात एक ‘चाकखूण’ बसवली होती. तांदळाच्या दाण्याएवढी ती वस्तू चाक फिरते की नाही, एवढेच कळवी. सायकली लावायला आखलेल्या चौकटीबाहेर चाक सात मिनिटे थांबले की उचलयंत्र येई. फिरत्या चाकाला मात्र ते हात लावत नसे, कारण फिरत्या चाकावर माणूस असतो. जागेवरून न हलता दिवसभर चालणारी शिकलगाराची सायकल कायदा लिहिणाऱ्यांनी बहुधा पाहिलीच नव्हती.

सकाळी चहा पिताना हमीदाबीची सात मिनिटे उलटली. यंत्र येताना दिसताच ती धावत येऊन सायकलवर बसली. आता पट्टा काढून निघायचे, तर चाक थांबवावे लागणार. मागच्याच आठवड्यात तिच्या दिराची सायकल अशी गेली होती. दगड बसवलेली सायकल म्हणजे बेकायदा फेरफार, म्हणून ती मोडीत काढली. घरात आता एवढा एकच दगड उरला होता.

“भाभी, कात्री झाली की,” हिंगमिरे टेलर म्हणाले.

“दुसरी आणा.”

“तिला कालच धार लावलीत.”

“मग सुया आणा!”

गर्दीतून मार्गशिस्त प्राधिकरणाचा निरीक्षक बोधले पुढे आला. “मावशी, उतरा. बारा वाजता कायद्यात तांत्रिक दुरुस्ती होतेय. मग नुसतं चाक फिरून भागणार नाही. सायकलीनं जागा बदलली तरच ती चालू धरतील.”

“म्हंजे चाक फिरतंय ते त्याला दिसायचं न्हाई?”

“दिसेल. पण धरायचं नाही.”

“अन् वर बसलेली मी?”

बोधलेने हातातल्या पडद्यावर दुरुस्ती पुन्हा वाचली. थांबलेली सायकल म्हणजे रिकामी सायकल, हे जुने कलम कोणी बदललेच नव्हते. बारा वाजल्यावर यंत्राच्या लेखी हमीदाबी सायकलवर नसणार होती.

“मावशी, खरंच उतरा. ते तुमच्यासकट उचलेल.”

“उचलू दे. माझ्या सासऱ्यानं हितंच धार लावली. मी उतरायची न्हाई.”

हिंगमिरे गेले आणि आपली सायकल घेऊन आले. तिच्या शेजारी ती स्टँडवर चढवून पायडल मारू लागले.

“टेलर, तुमचं काय?” बोधलेने विचारले.

“गुडघे धरलेत. डॉक्टरांनी सायकल मारायला सांगितलंय.”

मग पानवाला आला, पोस्टमनबाई आल्या. बाराला पाच मिनिटे कमी असताना तेवीस चाके जागच्या जागी फिरत होती.

“ती कळ दाबा की,” हिंगमिरेंनी बोधलेच्या कमरेला लावलेल्या, यंत्र थांबवायच्या कळीकडे बोट दाखवले.

“ती अपघातासाठी आहे. कारण लिहावं लागतं.”

“मग अपघात झाल्यावर दाबणार?”

नगरपालिकेचा भोंगा झाला. बारा वाजले. यंत्राचा एक हात हँडलखाली गेला, दुसरा सीटखाली. हमीदाबीसकट सायकल हातभर वर उचलली गेली. तिचे पाय थांबले नाहीत.

“पोरा,” ती वरून म्हणाली, “त्याला दिसत न्हाई. तुला दिसते ना मी?”

बोधलेने कळ दाबली. यंत्र हवेतच थांबले. पडद्यावर प्रश्न उमटला, ‘थांबवण्याचे कारण?’ त्याने लिहिले, ‘सायकलवर माणूस आहे.’

क्षणभराने उत्तर आले.

“काय म्हणतंय?” हमीदाबीने विचारले.

बोधलेने खालच्या आवाजात वाचून दाखवले. “नोंदीप्रमाणे सायकलवर कोणी नाही. यंत्र पुन्हा चालू करावे का?”

भोवतीची चाके फिरतच होती. हमीदाबीने जोराने पायडल मारले.

“इचार त्याला,” ती म्हणाली, “मग ह्या पायडलवर पाय कुणाचा हाय?”