किसिओकाचा ओंडका

नाम्पासो दुधाने भरलेला वाळका भोपळा खांद्याला अडकवून निघाली तेव्हा दुपार कलली होती. काम रोजचंच. बाबा मधाच्या ओंडक्यांकडे गेले की त्यांना खाण्यापिण्याची शुद्ध राहत नसे, मग हिने दूध घेऊन मागोमाग जायचं. आज मात्र तिने कमरेला कोयता खोचला होता. हत्तींसाठी, असं तिने सहा वर्षांच्या सिंतोयाला सांगितलं.

"हत्ती कोयत्याला भितो?" लेकीने विचारलं.

"तुझ्या जिभेला भितो. घरात बस."

कोयता हत्तींसाठी नव्हता, बाबांसाठी होता. याकू बोली येणारे दोनच म्हातारे उरले होते, तिचे बाबा पारमेरेस आणि त्यांचा जन्माचा सोबती किसिओका. बाकी सगळ्या वस्तीने गुरं घेतली आणि गुरांबरोबर मसाई भाषाही. मधमाश्यांवर जगणारे भिकारी, असा टोमणा पोरांना ऐकायला नको म्हणून नाम्पासोच्या आईने घरात याकू बंदच केली होती. नाम्पासोला त्यातलं अवाक्षर येत नव्हतं. दोघे म्हातारे दिवस दिवस झाडाखाली बसून भांडत, खिदळत, आणि कशावरून ते कुणाला सांगत नसत. पावसाच्या तोंडावर किसिओका गेला.

मेलेल्याचा ओंडका झाडावर टांगता ठेवायचा नाही, अशी त्यांची रीत. मधमाश्यांचा तो पोकळ ओंडका जोवर टांगलेला, तोवर मालक स्वतःला घरातच समजतो. म्हणून जवळच्या माणसाने झाडाखाली उभं राहून, याकूत निरोप देऊन, मग दोर कापायचा. किसिओकाच्या मागे कुणी नव्हतं, तेव्हा हे काम बाबांचं. ते रोज जात आणि दोर तसाच ठेवून परत येत.

"उद्या कापतो," म्हणत.

मग एके दिवशी ते हसत परतले. "गप्पा झाल्या," म्हणाले. त्यानंतर त्यांची मसाई उतरणीला लागली. परवा नाम्पासोने "बाबा, दूध घ्या" म्हटलं, तर पाहुणी बाई समजून ते तिच्याकडे बघत राहिले. काल त्यांना तिचं नाव आठवलं नाही. बाप डोळ्यांदेखत हातचा चालला होता, आणि नाम्पासो काही हातावर हात धरून बसणाऱ्यातली नव्हती.

मुकोगोडोच्या जंगलात धुकं उतरलं होतं. ओल्या देवदाराचा वास, त्यात जुन्या धुराचा आणि मधाचा. पाखरं कुठे गेली होती कोण जाणे. चालता चालता आपण चालतोय की उभे आहोत आणि झाडंच मागे सरकतायत, हे तिला कळेनासं झालं. भीती वाटायला हवी होती. वाटत होती ती झोप.

पुढे गुणगुण ऐकू आली. माश्यांचीच असावी. तिच्यात बाबांचा आवाज होता.

ते खोडाला टेकून, मान वर करून बोलत होते. बोलून थांबले. वरून, ओंडक्यातून, त्या गुणगुणीच्या आतूनच... कुणीतरी उत्तर दिलं. सावकाश, नाकात, किसिओका बोलायचा तसं. बाबा मांडीवर थाप मारून हसले. वरही कुणी हसलं.

"बाबा..." ती पुटपुटली. "घरी चला ना..."

त्यांनी मानही वळवली नाही. तिला वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला. तिच्याशी बोलताना ते इतके कधी हसले नव्हते.

ओंडक्याचा दोर फांदीवरून खाली येऊन खोडाला बांधलेला होता. तिने कोयता काढला. निरोपाचे शब्द? ते तिच्याकडे नव्हते, आणि ज्यांच्याकडे होते ते काही देणार नव्हते.

"काका, माफ करा," ती मसाईत म्हणाली आणि तिने दोर कापला.

ओंडका आदळून दुभंगला. आत पोळं नव्हतं, माशी नव्हती. नुसती कोळ्यांची जाळी आणि कोरडी धूळ. गुणगुण मात्र आणखी थोडा वेळ चालू राहिली, मग थांबली.

"नाम्पासो?" बाबा डोळे चोळत म्हणाले. "तू कधी आलीस गं? भूक लागलीय बघ."

तिने त्यांना भोपळा दिला आणि ती रडली.

घरी येऊन बाबा पोटभर जेवले. वस्तीतल्या एकेकाचं नाव घेऊन त्यांनी चौकशी केली. नातीची थट्टा केली. तिन्हीसांजेला सिंतोया त्यांच्या मांडीवर चढली.

"आजोबा, तुमच्या बोलीत मधाला काय म्हणतात?"

"माझ्या कुठल्या बोलीत?"

ते थट्टा करत नव्हते. नाम्पासोने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात काटेरी कुंपणापलीकडून कुणीतरी बोललं. सावकाश, नाकात.

बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कोण बडबडतंय? कुठला परका माणूस आहे? एक अक्षर कळत नाही मेल्याचं."

नाम्पासोला कळत होतं. शब्दन् शब्द कळत होता.

"दोर कुणी कापला?" तो विचारत होता. "निरोप न देता...?"

ती उठून कुंपणापाशी गेली. पलीकडे धुक्याखेरीज काही दिसेना. तिने तोंड उघडलं आणि जे शब्द तिला कुणी शिकवले नव्हते ते आपोआप ओठांवर आले. तिने रीतीप्रमाणे सगळा निरोप दिला. तुझी फांदी मोकळी झाली, तुझ्या माश्या मोकळ्या झाल्या, आता तूही जा.

पलीकडे कुणीतरी गुडघ्यांवर हात ठेवून कण्हत खाली बसल्याचा आवाज आला.

"छान बोलतेस की," किसिओका म्हणाला. "बस जरा. तुझा बाप कसा लबाड होता, ते सांगतो."

तो जाणार नव्हता. हे कळूनही ती बसली. त्याच्या गोष्टी ऐकून ती पोट धरून हसली. इतकं हसल्याचं तिला आठवत नव्हतं.

उजाडलं तेव्हा एक लहान मुलगी तिच्यासमोर उभी होती. हातात रिकामा भोपळा, केस विस्कटलेले. ती काहीतरी मागत होती, पुन्हा पुन्हा, शेवटी रडत रडत. नाम्पासोने कान देऊन ऐकलं. आवाज मोठा गोड होता, अर्थ मात्र लागेना.

ही पोर कुणाची, असं विचारायला ती कुंपणाकडे वळली.