एक टॉवेल जास्त

बाप्तिस्मा घेणारी माणसं जितकी, त्याहून एक टॉवेल जास्त ठेवायचा. आणि तो कशासाठी, हे विचारायचं नाही. गल्लीच्या टोकाच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये हा नियम तिला सहाव्या वर्षी सांगितला गेला, आणि तिने तिथल्या तिथे 'का?' विचारलं. उत्तर म्हणून आत्याने तिचा दंड असा दाबला की दोन दिवस वळ राहिला.

आता ती पदवीधर झाली होती. चर्चला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार म्हणून मंडळीचा इतिहास लिहायचं काम वडीलधाऱ्यांनी तिच्या गळ्यात मारलं होतं. पाळक म्हणजे पास्टर कोण कोण होऊन गेले, छप्पर कधी बदललं, एवढी चार गोड पानं त्यांना हवी होती. तिला हव्या होत्या जुन्या नोंदवह्या. शनिवारी दुपारी ती व्यासपीठामागच्या खोलीत जाऊन बसली. कपाटाची किल्ली मंडळीच्या म्हाताऱ्या चिटणीस आजोबांकडे, त्यामुळे तेही दाराशी खुर्ची टाकून बसले, पहारेकऱ्यासारखे.

पलीकडे व्यासपीठाच्या फळ्या काढून ठेवल्या होत्या आणि खालच्या उघड्या कुंडात नळाची बारीक धार पडत होती. उद्या तिच्या धाकट्या बहिणीचा बाप्तिस्मा. या मंडळीत तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडून भागत नाही. कळत्या वयात, स्वतःच्या मनाने, अख्खं पाण्याखाली जावं लागतं. धाकटीचे पाय महिनाभर जमिनीवर नव्हते. पांढऱ्या झग्याला तिने तीनदा इस्त्री केली होती.

ओल्या सिमेंटचा वास हळूहळू खोलीत भरत गेला. पानं उलटता उलटता तिचं बोट थांबलं. एक्केचाळीस वर्षांपूर्वीची नोंद, अक्षर चिटणीस आजोबांचंच, तरुणपणीचं, टपोरं. 'उतरले सहा. वर आले सात.'

गणित तेव्हापासूनच कच्चं का, असं तिने विचारलं. आजोबा हसले नाहीत. खुर्ची नोंदवहीजवळ ओढून घेतली आणि सांगू लागले.

त्या दिवशी सहाजणी एकामागून एक कुंडात उतरल्या. वर आल्यावर भिंतीशी रांगेत उभ्या राहिल्या. सगळ्यांचे झगे सारखे, ओले केस तोंडावर आलेले, सगळ्या कुडकुडत होत्या. आजोबांच्या हातावर सहा टॉवेल होते. ते वाटत गेले आणि संपले. रांगेत अजून एक हात पुढे होता. तिला नाव विचारलं, पण नाकातोंडात पाणी गेलेलं, तिला ठसकाच थांबेना. टॉवेल सहा म्हणजे आपली माणसं सहा... जिला मिळाला नाही, ती आपली नव्हे.

"मग?"

"मग आम्ही तिला परत पाण्यात सोडलं," आजोबा म्हणाले. "आणि फळ्या बसवल्या."

दुसऱ्या दिवशी कुंड उपसलं तेव्हा आत कुणी नव्हतं. गल्लीतल्या कुठल्याही घरातलं माणूस कमी झालं नव्हतं. पण पुढच्या बाप्तिस्म्याला काठावर कुणाचा तरी टॉवेल चुकून राहिला, आणि सगळे गेल्यावर तो पिळून काढण्याइतका भिजलेला सापडला. तेव्हापासून एक जास्त.

"जिला टॉवेल मिळाला नाही तीच उपरी, हे कशावरून? उपरीच टॉवेल गुंडाळून कुणाच्या तरी घरी गेली असेल तर?"

आजोबांनी कपाटाला कुलूप लावलं.

संध्याकाळी तिने घरी आत्याला छेडलं. त्या सहाजणींत आत्याही होती. आत्या उद्यासाठी दोन टॉवेलांच्या घड्या घालत होती. घडीवरून हात फिरवत एवढंच म्हणाली, की ते पान इतिहासात घालू नकोस. या सगळ्यांनी मिळून कुणाला तरी बुडवलं आणि वर देवाचं नाव चिकटवलं, अशी भाचीची खात्री झाली. भुताबितावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. रविवारी सकाळी निघताना तिने पिशवीतला एक टॉवेल काढला आणि पलंगावर टाकला. काही होत नाही, हे सगळ्यांना एकदा दिसू दे.

चर्च भरलं होतं. खिडक्यांतून रणरणतं ऊन आत येत होतं. पाळक कंबरभर पाण्यात उभे. धाकटी पायऱ्या उतरली, ताईकडे बघून डोळे मिचकावले आणि नाक दाबून मागे कलली. पाणी तिच्यावर मिटलं.

वर आल्या दोघी.

दोघींचे झगे पांढरे, दोघींचे केस तोंडावर. पाळकांचे हात पाण्यावर तसेच अधांतरी राहिले. मागच्या बाकांवर कुणीतरी स्तोत्र म्हणायला लागलं आणि अर्ध्यातच थांबलं. काठावर ताई एकच टॉवेल घेऊन उभी होती. 

"ताई..." दोघींतली एक म्हणाली. कुठली, ते कळलं नाही.

चिटणीस आजोबा कानाशी आले. एकीला दे, लवकर दे, दुसरीचं आम्ही बघतो, असं पुटपुटू लागले. फळ्या उचलायला दोघंजण पुढे झालेसुद्धा.

तिने टॉवेल पुढे केला नाही. दोन्ही हातांनी मधोमध धरला आणि टर्रकन फाडला. अर्धा एकीच्या खांद्यावर, अर्धा दुसरीच्या. मग पायऱ्यांवर उतरून दोघींची मनगटं धरली. दोन्ही सारखीच गार होती.

"तिला घरी आणू नकोस," मागून आत्या म्हणाली. आवाज अगदी हळू. "त्या घरात मी राहते..."

"दोघींना आणणार," ती म्हणाली. "यातली आपली कुठली ते तुम्ही ठरवायचं नाही. मागे एकदा ठरवलंत ना? मग सांगा, त्या दिवशी तुम्ही घरी कुणाला नेलंत?"

 चिटणीस आजोबांची मान खाली गेली. फळ्या उचललेल्यांनी त्या आवाज न करता परत ठेवल्या. त्या शांततेत पाण्यातल्या दोघींचे दात थंडीने वाजत होते. आणि काठावर, उन्हाच्या पट्ट्यात कोरड्या कपड्यांनी उभ्या असलेल्या आत्याचेही, त्याच तालात.