ऑडिटवालीचा डबा

अड्याळच्या अलीकडच्या फाट्यावर एसटीने गुंजनला उतरवलं, अंगावर धूळ उडवली आणि निघून गेली. फाट्यावर ना रिक्षा, ना चहाची टपरी. राइस मिल तिथून बरीच लांब होती आणि खांद्यावरची लॅपटॉपची बॅग पावलागणिक जड होत होती. तेवढ्यात मागून एक मोटरसायकल आली आणि तिच्यापाशी थांबली. मागच्या सीटवर रिकाम्या पोत्यांचा गठ्ठा बांधलेला होता.

"कुठं जाऊन राहिल्या, मॅडम?"

"मिलवर. त्या बाजूला जाताय का?"

"जातो ना जी. पण हा गठ्ठा मांडीवर घ्या लागन. रत्नमाला मावशीकडचा हाय. पडला तर मावशी मले घरात घेणार नाही."

शहरात वाढलेली मुलगी असती तर नाक मुरडून चालायला लागली असती. गुंजन एकोडीची, धानाच्या बांध्यांत वाढलेली. नोकरी नागपूरला, पण पोत्याला लाजण्याइतकी नागपूरची झाली नव्हती. ती गठ्ठा कवटाळून मागे बसली.

कापणी झालेल्या बांध्या, जागोजाग रचलेली धानाची पुंजणी, बोडीच्या पाण्यावर उतरलेलं ऊन... रस्ता खराब होता, आणि खरं सांगायचं तर तिला तो संपू नये असं वाटत होतं.

"मिलमधली माणसं कशी आहेत?" तिने सहज विचारलं.

"बाकी साजरी हायेत. तो खरेदीवाला तेवढा सांभाळा. लय चालू माणूस हाय."

"हो? मग त्यालाच आधी पकडते."

"पकडा ना," तो मान न वळवता म्हणाला. "त्याची काही ना नाही."

अर्ध्या तासाने मिलचे मालक भैयाजी ओळख करून देत होते. "ह्या नागपूरच्या ऑडिटवाल्या मॅडम. अन् हा आपला भुपेंद्र. सारी खरेदी हाच पाहते." शर्टावरचा कोंडा झटकत भुपेंद्रने अगदी गंभीरपणे नमस्कार केला. गुंजनचे कान लाल झाले. चोर हसतसुद्धा नव्हता!

मिलमध्ये भैयाजींसोबत त्यांच्या नागपूरच्या दोन भावांची भागीदारी होती, आणि भावांनीच हे ऑडिट मागितलं होतं. माल कोणी मागितला, कोणाकडून घेतला, खरंच आला का, आणि पैसे कोणाला आधी गेले, कोणाला मागून, एवढं गुंजनने तपासायचं होतं. तिचे साहेब म्हणजे सोवळं माणूस. ज्यांचं तपासतो त्यांच्याकडचा चहासुद्धा प्यायचा नाही, हा त्यांचा नियम. गुंजन रोज साकोलीकडच्या एसटीने घरून यायची, डबा घेऊन यायची, आणि भैयाजींचा चहा समोर गार होऊ द्यायची.

चहा नाकारता येतो. माणूस कसा नाकारायचा, ते मात्र साहेबांनी शिकवलं नव्हतं.

"हे पाहा," ती एका बिलावर पेन्सिल टेकवून म्हणायची, "माल आधी आलाय आणि ऑर्डर नंतर निघालीय. असं कसं?"

"काही गोष्टी आधीच येऊन जातात, मॅडम. कागद मागून येते."

"ऑडिटमध्ये असं चालत नाही."

"अन् ऑडिटच्या बाहेर?"

ती मान खाली घालून पुढचं बिल ओढायची. ते उलटं धरलंय हे तिच्या आधी त्याच्या लक्षात यायचं. तो ते सुलटं करून द्यायचा.

एकदा तो म्हणाला, "एकोडीच्या तुम्ही, अन् बोलून राहिल्या टीव्हीवरच्या बातम्यांवानी."

"मले येते आपली बोली!" ती उसळली. तोंडातून निघून गेल्यावर तिने जीभ चावली. भुपेंद्र मोठ्याने हसला, आणि त्या हसण्यात ती पुरती सापडली. हे तिला त्या क्षणीच कळलं होतं. उगाच नाही म्हणण्यात अर्थ नाही.

मग तो दिवस आला. घाईत तिचा डबा एसटीतच राहिला. दुपारी ती बिस्किटाचा पुडा फोडत होती, तर भुपेंद्रने समोर एक पितळी डबा आणून ठेवला.

"मी घेत नाही. नियम आहे."

"मिलचं नोका घेऊ. हे मायच्या हातचं हाय." तो थोडा घुटमळला. "आज तुमच्या हाती डबा नाही, हे सकाळीच पाहिलं. म्हणून घरी जाऊन आणलं. माय म्हणे, कोणासाठी? मी म्हणलं, एकोडीची पोरगी हाय... तर नुसती हसली."

नव्या चिन्नोरचा भात, लाखोळीची डाळ, वालाच्या दाण्यांची भाजी. झाकण उघडताच सुटलेल्या वासापुढे साहेबांचा नियम टिकला नाही. तिने डबा चाटूनपुसून संपवला.

"चांगलं होतं?"

"हं."

"मंग डबा खाली नोका पाठवू बरं," तो हसत म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचं हसू ओसरलं.

त्याला काय म्हणायचं होतं ते गुंजनला नीट समजलं. एकोडीत काय आणि अड्याळात काय, घरचा डबा रिकामा परत पाठवत नाहीत; गुळाचा खडा तरी टाकतात. आणि लग्नाच्या मुलाच्या आईने एखाद्या मुलीला डबा पाठवला, तर तो परत आल्यावर आई झाकण उघडून पाहते. त्यात काहीही असलं तरी चालतं. काहीच नसलं, की उत्तर मिळालं.

तिने नळावर डबा घासूनपुसून लखलखीत केला. फाटकाजवळच्या बोरीखाली गेली आणि एकेक पिकलेलं बोर निवडून ओढणीत घेतलं. जन्मात कधी एवढी मन लावून बोरं निवडली नव्हती. डबा भरला, झाकण लावलं, आणि तो टेबलावर ठेवून ती उरलेली बिलं पाहायला बसली.

पोत्यांचं बिल त्यात निघालं. विकणारी रत्नमालाबाई, राहणार अड्याळ. दुसऱ्या कोणाचा भाव मागवलेला नाही, ऑर्डर नाही, दर इतरांपेक्षा चढा, आणि बाकीचे पुरवठादार रांगेत असताना हिचे पैसे सगळ्यांच्या आधी चुकते.

रत्नमाला मावशी! तिच्याच पोत्यांचा गठ्ठा गुंजनने मांडीवर आणला होता.

वजनकाटा करणाऱ्याला तिने दोन खुलासे विचारले होते, गोदामवाल्याला तर भंडावून सोडलं होतं. आधी विचारायचं आणि मग लिहायचं, ही कामाची रीतच. भुपेंद्र समोरच्या आवारात पोती मोजून घेत होता. एक हाक मारायची होती, बस. पण ती जागची उठली नाही. तो जे सांगेल ते मी मानणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि मग ते मानणारी ऑडिटवाली असेल, की आत्ताच त्याच्या आईच्या हातचं जेवलेली मुलगी? पारडं त्याच्या बाजूला झुकेल या धास्तीने तिने ते उलट्या बाजूने दाबून धरलं. तिने विचारलंच नाही. 'नात्यातल्या व्यक्तीकडून, नातं लपवून खरेदी' असं सरळ लिहून टाकलं.

मग तिने बोरं टेबलावर ओतली आणि डबा शिपायाच्या हाती परत पाठवला.

याला ती तेव्हा प्रामाणिकपणा म्हणाली. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवू शकतो.

अहवाल नागपूरच्या भावांकडे गेला. त्यांनी भुपेंद्रला खरेदीवरून काढलं, आणि त्याने नोकरीच सोडली. एका शब्दाने भांडला नाही. भांडायला तरी फोन करील म्हणून गुंजन वाट पाहत राहिली. स्वतः मात्र केला नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा तीच मिल तिच्या वाट्याला आली. भैयाजींनी चहा मागवला आणि सुपारी कातरता कातरता सहज बोलून गेले, "त्या पोत्यांपायी चांगला पोरगा गेला जी. अवकाळी आला होता, आठवते? धान उघड्यावर पडून, अन् कोरडी पोती कुठंच भेटेना. मीच फोनवर म्हणलं, भेटन तिथून आण, भाव नोको पाहू. त्याच्या मावशीनं बाजारासाठी ठेवलेली सारी काढून देली. गरीब बाई, म्हणून पैसे लगेच द्या, हे बी मीच म्हणलं."

गुंजनने पेन खाली ठेवलं. "मग तुम्ही हे सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं कुठं? अन् भाऊ तर माह्यावर टपूनच बसले हायेत. मी चूप राहिलो." भैयाजींनी सुपारी तोंडात टाकली. "आला हाय तो सध्या गावात. गोंदियाकडं नोकरी करते आता."

दुसऱ्या दिवशी गुंजन अड्याळला त्याच्या दारात उभी होती. हातात स्वतः वळलेल्या तिळाच्या लाडवांचा डबा. वर्षभर उशिरा का होईना, भरलेला.

भुपेंद्रच्या आईने, निर्मलाबाईंनी, तिला ओळखलं. कसं ओळखलं कोण जाणे. "ये वं बाई, बस," म्हणाल्या. पाणी दिलं, डबा घेतला, आत गेल्या. पुन्हा बाहेर आल्या तेव्हा डबा हातात देताना त्यांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला. एक शब्द वाकडा बोलल्या असत्या तर गुंजनला सोसलं असतं. तो हात सोसला नाही.

भुपेंद्र तिला फाट्यावर सोडायला निघाला. तीच मोटरसायकल, तोच रस्ता. या वेळी तिच्या मांडीवर डबा होता.

फाट्यावर उतरल्यावर ती म्हणाली, "तुम्ही भांडायचं तर होतं. खुलासा द्यायचा होता."

"कागदाचं उत्तर देता आलं असतं, मॅडम. डबा खाली आला, त्याचं काय उत्तर देऊ?"

"मी बोरं भरली होती त्यात. तुमची शपथ... भरली होती. मग काढली."

त्याने मोटरसायकल स्टँडवर लावली. "काहून नाही विचारलं मले? एकदा तरी?"

"मले भेव वाटलं." ती आता त्याच्याच बोलीत बोलत होती. "तुम्ही सांगसान ते मी खरं मानीन, याचं भेव. मले तुम्ही लय आवडत होते. अजूनही..."

रस्त्यावर साकोलीची एसटी दिसू लागली होती.

"माह्याही मनात तुम्हीच होत्या," भुपेंद्र हळू म्हणाला. "पण माह्यं लग्न ठरलं, परवा साक्षगंध झालं. लाखांदूरची हाय, शुभांगी. तिनं भरवशानं हात पुढं केला हाय. मले न विचारता दोषी ठरवलं, ते कसं लागते हे मले मालूम हाय. तिच्यावर ते कसं आणू?"

गुंजनने मान हलवली. याच माणसावर तिचा जीव जडला होता, आणि तो अगदी तसाच होता.

एसटी थांबली. ती चढली, खिडकीशी बसली, आणि बस हलल्यावर तिने डबा उघडला. आत साक्षगंधाचे पेढे होते, काठोकाठ. त्या घरातून डबा रिकामा जात नव्हता.

तिने एक पेढा तोंडात घातला. डोळ्यांना धार लागली, आणि ती लपवायला जागा नव्हती.

तिकिटं फाडत येणारा कंडक्टर तिच्यापाशी थांबला. "काय झालं, बाई? काहून रडून राहिल्या?"

ओळख ना पाळख, पण त्याने विचारलं होतं.

"काही नाही जी," गुंजन म्हणाली, आणि तिने डबा त्याच्यापुढे धरला. "पेढा घ्या."