भेटायला येणाऱ्या काकू

विषय : निरुपमाबाईंच्या खोलीत येणाऱ्या एका बाईंना मज्जाव करण्याबाबत.
कारण : रुग्णाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार घटल्या आहेत.

एवढे लिहून गजेंद्ररावांचे पेन अडले. त्या बाईंचे नाव लिहायचे, म्हणजे स्वतःच वेड्यात निघायचे.

दुपारी ते नेहमीसारखे मऊ खिचडीचा डबा आणि उकळून गार केलेले पाणी घेऊन अकोट्याच्या दवाखान्यात आले होते. कॅन्सरच्या औषधांनी बायकोच्या पेशी पार खाली नेल्या होत्या. कुणाची साधी सर्दीही आता तिच्या जिवावर बेतली असती. फुले बंद, फळे बंद, माणसे बंद. गजेंद्रराव नेमके दारातच शिंकले. कोमल सिस्टरने डबा काढून घेतला आणि म्हणाली, "काका, तमे बहार." संसारात बायकोला जे कधी साधले नाही, ते सिस्टरने तीन शब्दांत केले.

ते काचेपाशी उभे राहिले. आत फिनेलने पुसलेली शांतता. निरुपमाबाई डोळे मिटून पडलेल्या, आणि उशाशी बसून कुणीतरी त्यांच्या कपाळावरून हात फिरवत होते.

कुसुमावतीकाकू. दांडिया बाजारात कुणी अंथरूण धरले की ह्या भेटायला हजर. निम्मे लोक त्यांच्या धास्तीनेच उठून बसत. गेल्या दिवाळीनंतर त्यांना खांदा देणाऱ्यांत गजेंद्रराव होते.

निरुपमाबाईंचा मास्क श्वासागणिक आत-बाहेर होत होता. काकूंचा हलत नव्हता.

गजेंद्ररावांनी काचेजवळचा फोन उचलला. आत काकूंनी उचलला.

"गजू, तू येऊ नकोस… तुझा श्वास बाधेल तिला."

"आणि तुमचा?"

"माझा कुठला आलाय रे आता…"

त्यांनी सिस्टरला बोलावले. आत कुणीच नाही, असे ती म्हणाली. उलट ताप उतरलाय, काळजी करू नका. अंग अगदी गार लागतंय.

गजेंद्ररावांनी अडलेल्या अर्जात काकूंचे नाव घातले आणि तो दवाखान्याच्या खिडकीवर दिला. तिथल्या कारकून केयूरने तो वाचला, काही नवल न वाटता.

"काका, आ तो बीजी अरजी," तो म्हणाला आणि मग मराठीवर आला. "हा दुसरा अर्ज. निरुपमाकाकींचा सकाळीच आलाय. इथून सुटल्या की घरी नाही, कुसुमावतीबेनकडे जायचंय त्यांना. आधी आलेला आधी निघतो."

पेशींचा आजचा आकडा अजून आलेला नाही. गजेंद्ररावांचा अर्ज विचाराधीन आहे.