हिरव्या पट्ट्या निळ्या का पडल्या?

“थांब! हात लावू नकोस!” लीलो ओरडली.

“मी कुठे लावतोय?” उकूने बोट मागे घेतलं. “पण ही पट्टी निळी कशी? काल तर हिरवीगार होती!”

नाताळची सुट्टी होती. तार्तू शहरात गुडघाभर बर्फ पडलेला. पोरांना घरी एकटं ठेवायला आईचा धीर होईना, म्हणून दोघं भावंडं तिच्या प्रयोगशाळेत आली होती. आई सुपरकपॅसिटर बनवत होती, म्हणजे वीज झटकन साठवणारा आणि झटकन देणारा डबा. त्यासाठी ग्राफिनच्या, म्हणजे कार्बनच्या पातळ पापुद्र्याच्या, पट्टीवर वीज वाहून नेणाऱ्या प्लॅस्टिकचा थर चढवायचा. थर हिरवा असला की काम चोख, निळा पडला की ठप्प! आणि उद्या बसकंपनीचे पाहुणे ते बघायला येणार होते.

“त्रीनू, तुझा थरच टिकत नाही,” चहाच्या खोलीत रोज नाताळची बिस्किटं भाजणारे प्रयोगशाळेचे प्रमुख राइवोकाका पीठभरल्या हातांनी डोकावले. “उद्याही असंच झालं, तर हे काम बंद करावं लागेल.”

आईचा चेहरा उतरला.

“कोणीतरी मुद्दाम करतंय!” उकू कुजबुजला.

“इथे येतं कोण? आई, काका आणि आपण. तू केलंस?”

“वेडी आहेस का!”

लीलोने आईकडून उरलेल्या हिरव्या पट्ट्या मागितल्या. “घ्या, पण हातमोजे घाला, आणि काकांच्या ओव्हनजवळ जायचं नाही!” आईने बजावलं. एक पट्टी प्रयोगशाळेच्या खिडकीत, एक दोन खोल्यांमधल्या बोळात, एक चहाच्या खोलीच्या दाराला लटकली.

“जिथली आधी निळी पडेल, तिथे चोर!” लीलो म्हणाली.

दोघं बोळातल्या बाकावर बसली. चहाच्या खोलीत काकांनी ओव्हन उघडला. नाकाला झोंबणारा वास आला, आणि दारावरची पट्टी बघता बघता निळी! मग बोळातली. खिडकीतली अजून हिरवीच.

“काका, बिस्किटांत काय घातलंत?”

“शिंगाचं मीठ! त्याशिवाय कुरकुरीत होतात का?”

“शिंगाचं?” उकूने तोंड वाकडं केलं.

“अरे, नुसतं नाव! पूर्वी हरणाच्या शिंगांपासून करायचे. आता पांढरी पूड मिळते.”

लीलोने त्या पुडीचा डबा लांबूनच हुंगला. “शी! काच पुसायच्या पाण्यासारखं झोंबतंय!”

आई धावत आली. “अमोनिया! हे मीठ तापलं की अमोनिया सुटतो, आणि तो थरातलं आम्ल मारून टाकतो. म्हणून पट्टी निळी!”

काका हातातल्या बिस्किटांच्या ट्रेकडे बघतच राहिले. “म्हणजे रोज मी...”

“रोज तुम्ही!” पोरं एका सुरात म्हणाली.

खिडक्या उघडल्या. आईने निळ्या पट्ट्या आम्लात बुडवल्या. हळूहळू हिरवा रंग परतला.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर आईने त्या पट्ट्यांचा सुपरकपॅसिटर बसवलेल्या छोट्या खेळण्यातल्या बसला क्षणभर वीज जोडली. बस सुसाट निघाली आणि बोळाच्या टोकाला जाऊन भिंतीवर आपटली!

“खऱ्या बसमध्ये कधी बसवता?” पाहुणे विचारू लागले.

आईने धावत जाऊन बस उचलली. राइवोकाकांनी दोन्ही पोरांच्या खांद्यांवर हात ठेवले. “काम हिचं. पण ते बंद पाडणारा चोर पकडला या दोघांनी! शाबास, पोरांनो!”

“चोर? कोण तो?”

काकांनी शाळकरी पोरासारखा हात वर केला. “मीच!”