सात नंबरचा बिल्ला

धरणाच्या पोटात एक बोगदा असतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आम्ही त्याला गॅलरी म्हणतो. भिंतीतून किती पाणी झिरपतंय ते मोजायला रोज एकाने आत जायचं आणि जाताना दाराबाहेरच्या फळीवर, खिळ्याला आपल्या नंबरचा पितळी बिल्ला टांगायचा. बाहेर आलं की काढून घ्यायचा. नदीत पाणी सोडण्याआधी ते लोखंडी दार लावावं लागतं, नाहीतर चढलेली नदी आत शिरते, आणि ते खिळे रिकामे असले तरच लावायचं. हे काम माझं.

त्या दिवशी चारला पाणी सोडायचं होतं. माझा धाकटा भाऊ बारक्या आत होता. नोकरीला जेमतेम महिना झालेला, चिकटवलाही मीच. पावणेचारला मी दाराजवळच्या फोनवरून आत रिंग दिली.

"निघालोच दादा," तो म्हणाला. "पण सोबत एक म्हातारेबुवा आहेत. गुडघा धरलाय त्यांचा. हळूहळू आणतो."

फळीवर बिल्ला एकच होता, बारक्याचा.

"कसे आहेत दिसायला?"

"लाल कानटोपी... सारखे तुझंच विचारतायत."

लाल कानटोपी तात्यांची. मला हे काम शिकवणारे मिस्त्री. 'धरण माझ्या हातचं, मला कसला बिल्ला लावायला सांगतोस' म्हणत बिल्ला खिशात घालूनच हिंडायचे. तीन वर्षांपूर्वी रिकामा खिळा बघून मी दार लावलं. आतून ठकठक ऐकू येत होती. मी म्हटलं, पंप असेल. दोन दिवसांनी नदी उतरल्यावर दार उघडलं, तेव्हा ते दाराला टेकूनच बसले होते. गार पडलेले. त्यांचा सात नंबरचा बिल्ला काही सापडला नाही. चौकशीत मी एवढंच सांगितलं, की खिळा रिकामा होता. सुटलो.

"बारक्या, त्यांना सोड आणि पळत ये."

"असं कसं सोडू? म्हातारं माणूस..."

"तुला माझी शपथ आहे. मागे बघू नकोस."

फोन तुटला. मग वर पहिला भोंगा झाला. तिसऱ्याला धरणाचे दरवाजे उचलतात. मी दारात उभा राहून हाका मारत होतो. आतून शेवाळाचा गार वास येत होता. सख्खा भाऊ आत होता, तरी पाऊल टाकायचं धाडस होईना, हे खरं सांगतो.

दुसऱ्या भोंग्याला बॅटरीचा उजेड हलताना दिसला. बारक्या एकटाच धापा टाकत आला.

"त्यांनीच ढकललं मला," तो म्हणाला. "म्हणाले, तू हो पुढे. मी आज बिल्ला लावलाय, तुझा दादा थांबेल."

मी फळीकडे पाहिलं. बारक्याच्या शेजारच्या खिळ्यावर सात नंबर लटकत होता. ओला.

"दादा, दार लाव ना... माणसाचा हात नव्हता तो. तिसरा भोंगा झाला."

आत पावलं वाजत होती. एक पाय ओढत येणारी. मी दार लावलं, चाक फिरवलं, कुलूप घातलं. मग ठकठक सुरू झाली. आम्ही जिना चढून वर येईपर्यंत ती ऐकू येत होती. बारक्याने विचारलं, तेव्हा मी म्हणालो, पंप असेल.

तिसऱ्या दिवशी नदी उतरली. कुलूप जसंच्या तसं होतं, चिखलाने भरलेलं. आत कुणीच नव्हतं. पाणी फळीपर्यंत पोचलंही नव्हतं, पण सात नंबरचा खिळा रिकामा होता.

आमच्याकडे बिल्ला काढून नेला याचा अर्थ एकच होतो. माणूस बाहेर आला.