बरी झालेली दाढ

राजवाड्याजवळच्या दुकानात भुवनाने चकलीसारखा कडक मुरुक्कू चावला आणि दाढेतलं जुनं फिलिंगच निघून तिच्या हातात आलं. शेजारी उभा असलेला एक तरुण वाकून बघायला लागला.

"पाहतो कसा पाहा!" ती घरच्या मराठीत पुटपुटली. तमिळ बोलणाऱ्या भरबाजारात ही भाषा कळतेय कुणाला!

"दातांचा डॉक्टर मी. पाहणें माझें कामच की," तो त्याच मराठीत म्हणाला.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

त्याचं नाव कार्तिकेय. संध्याकाळी ती त्याच्या दवाखान्यातल्या खुर्चीवर होती. कीड पार कोरायची, दाढ कोरडी ठेवायची, थरावर थर बसवायचा... आणि हे करता करता स्वारीच्या गप्पा चालूच!

"लग्न ठरलें काय तुमचें?"

तोंडात कापूस. "अं... अं..." म्हणजे हो की नाही, ते तिचं तिलाच कळेना. रविवारी पापनाशम गावचं स्थळ तिला पाहायला येणार होतं. कालपर्यंत त्याचं काहीच वाटत नव्हतं, आता मात्र जीव थाऱ्यावर नव्हता.

"झालें," तो म्हणाला. "फट राहिली तर आंत कीड शिरते, दाढच जाते. हें नीट बसलें. आतां कित्येक वर्षें इकडे यावें लागणार नाहीं."

इतकी चांगली बातमी ऐकून कुणाला रडू येतं का? भुवनाला आलं.

दुसऱ्या सकाळी ती पुन्हा हजर. "उंच लागतें... चावतां येत नाहीं."

त्याने दाढेखाली चावल्याचे ठसे उमटवणारा निळा कागद धरला. "चावा... पुन्हा." ठसे अगदी बरोबर उमटले, फिलिंग उंच नव्हतंच. तरी त्याने यंत्र उचललं.

"घासूं? पातळ झालें तर तुटेल. मग पुन्हा यावें लागेल..."

पुन्हा यावं लागेल! हो म्हणावं तर दाढ जाते, नाही म्हणावं तर... हा जातो. तिने वर पाहिलं. काल दाढेवरून जराही न हललेली त्याची नजर आज चक्क तिच्या डोळ्यांवर होती.

"नको!" ती उठून बसली. "दाढेस कांहीं नाहीं. मजच काय झालें कळेना. तुम्ही सारखे आठवतां... आणि रविवारीं स्थळ येणार."

त्याचे कान लाल झाले. "ठीक आहे दाढ, दिसलें मज."

"मग घासणार कां होतां?"

"तुम्ही पुन्हा याल म्हणून..." त्याने मान खाली घातली. "शनिवारीं अम्मास घेऊन तुमच्या घरीं येऊं?"

"शनिवारीं नको."

त्याचा चेहरा पडला.

"शनिवार फार लांब," भुवना म्हणाली. "आजच या."